चर्चची मिशन ट्रिप : लेकीला ग्वाटेमालाला पाठवू का?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही डॅलसजवळ राहतो, मूळचे नगरचे (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं), घरात चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. इथे जवळच्या एका अमेरिकन चर्चला जातो. मराठी मंडळी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमते, तेव्हा उपासना संगीत या आमच्या मराठी भजनांच्या पुस्तकातली गाणी आणि नंतर मटण, ते वेगळं. तर लेक सोळाची आहे आणि चर्चच्या यूथ ग्रुपची जूनमध्ये एक आठवड्याची मिशन ट्रिप आहे ग्वाटेमालाला. अँटिग्वा गावाजवळ मुक्काम, तिथून रोज डोंगरातल्या खेड्यांत जाऊन लोकांच्या घरात बिनधुराच्या चुली बांधायच्या, दुपारी लहान मुलांची व्हीबीएस म्हणजे सुट्टीतलं संडेस्कूल, गाणी, गोष्टी, चित्रं रंगवणं वगैरे, एक दुपार अनाथाश्रमाला भेट, आणि शेवटचा दिवस फिरायला. माणशी १९०० डॉलर.

पैसे पोरांनी स्वतः उभे करायचे असतात म्हणजे कार वॉश, बेक सेल आणि सपोर्ट लेटर. लेटर म्हणजे ओळखीच्या सगळ्यांना 'प्रार्थना करा आणि जमलं तर पैसे द्या' असं पत्र. बाईसाहेबांनी ते नगरला आजीलाही पाठवलं. आजीचा फोन, अगं १९०० म्हणजे रुपयात किती, आणि तेवढ्यात तिकडे किती चुली होतील? मी हसले खरी पण तेव्हापासून तोच हिशोब डोक्यात बसलाय.

दुसरं म्हणजे मिशन ज्यांच्या दारात येतं ती माणसं आम्हीच की. आमच्या पणजोबांपासून सगळे मिशनच्या शाळेत शिकलेले. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले ते १८२६ मध्ये महाराष्ट्रातच कॉलऱ्याने गेले. सिंथिया फॅरारबाई १८२७ मध्ये आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग त्यांच्याकडेच घेतलं, आणि बाई १८६२ मध्ये नगरातच वारल्या. त्यांच्याबद्दल काय बोलायचं ते बोला (आमच्या घरातही दोन मतं आहेत) पण ती माणसं आधी मराठी शिकली. आणि आमची पोरं सोमवारी जाणार, पुढच्या सोमवारी परत, स्पॅनिश येतं ते टाको ऑर्डर करण्यापुरतं.

लेकीचा उत्साह खरा आहे हो. मला तो मोडायचा नाहीये. पण कुणी स्वतः गेलंय का, पाठवलंय का, किंवा ज्यांच्या गावात असे ग्रुप येतात त्यांच्या बाजूने बघितलंय का? ते ऐकायचंय.

मनीमाऊ

पाठव गं बिनधास्त. आमच्या शेजारच्यांचा मुलगा डोमिनिकन रिपब्लिकला जाऊन आला, एकदम बदलला, आता ताटात अन्न टाकत नाही. शिवाय कॉलेज ॲप्लिकेशनला पण चांगलं दिसतं.

तिरकस

म्हणजे आपल्या पोराने ताटात टाकू नये म्हणून दुसऱ्या देशातल्या गरिबाच्या घरी ट्रिप काढायची. आणि वर कॉलेजच्या अर्जात त्यावर निबंध. वा.

निळी_छत्री

@तिरकस, खोचक आहे पण मलाही तेच टोचतंय. @मनीमाऊ, निबंधासाठी जाणार असेल तर मीच नको म्हणेन.

खडकीकर

आजींचा प्रश्न लाखमोलाचा आहे आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी अभ्यासलेलंही आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये मिच वादळाने होंडुरास झोपवला, त्यानंतर घरं बांधायला अमेरिकेतून ग्रुपच्या ग्रुप गेले. कर्ट वेर बीक नावाचे समाजशास्त्रज्ञ, स्वतः ख्रिस्ती कॉलेजात शिकवणारे आणि होंडुरासमध्येच राहिलेले, त्यांनी नंतर जाऊन बघितलं. ग्रुपने बांधलेलं घर विमानाच्या तिकिटांसकट पडलं अंदाजे ३० हजार डॉलरला, तिथल्या संस्थेने तेच घर बांधलं २ हजारात. ज्यांना घर मिळालं त्यांच्या आयुष्यात कुणी बांधलं याने काही फरक पडला नव्हता, आणि काही जण तर म्हणाले की इतके पैसे तिकिटावर घालवण्यापेक्षा आणखी घरं बांधायची होती. आणखी गंमत म्हणजे जाऊन आलेले बरेच जण म्हणाले की आता आम्ही मिशनला जास्त देणगी देतो, प्रत्यक्ष देणग्यांचे आकडे काढले तर वाढ किरकोळ.

अमेरिकेतून दरवर्षी साधारण १६ लाख माणसं अशा छोट्या ट्रिपवर परदेशी जातात असा रॉबर्ट वुथनाव यांचा अंदाज होता, तोही जुना. म्हणजे ही छोटी गोष्ट नाही, अख्खा धंदा आहे, विमान कंपन्या, गेस्ट हाऊस, टी-शर्ट छापणारे सगळे त्यात आले.

तिरकस

आणि मूळ मुद्द्यावर कुणी बोलणारच नाही. चुली हा बहाणा, माल धर्मांतराचा.

वसईवाला

@तिरकस भाऊ, जरा नकाशा आणि इतिहास दोन्ही उघडा. ग्वाटेमालात सोळाव्या शतकापासून कॅथलिक आहेत, आणि गेल्या पन्नासेक वर्षांत तिथे इव्हांजेलिकल (प्रोटेस्टंटांतला प्रचारावर भर देणारा) पंथ इतका वाढला की आज चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक तेच. टेक्सासच्या पोरांनी जाऊन कुणाला ख्रिस्ती करायचं शिल्लकच नाही तिथे, उलट आठवड्यातून चार वेळा चर्चला जाणारी माणसं आहेत ती. (मी कॅथलिक, त्यामुळे माझं दुःख वेगळं आहे, ते जाऊ द्या.)

पण छत्रीताई, एक गोष्ट लेकीला जायच्या आधी जरूर वाचायला लावा. फेब्रुवारी १९७६ च्या भूकंपात तिथे वीसेक हजारांवर माणसं मेली, त्या मदतीबरोबर अमेरिकन इव्हांजेलिकल संस्था मोठ्या प्रमाणात आल्या. पुढे १९८२ मध्ये जनरल रिओस माँट सत्तेवर आला, तो अशाच एका चर्चचा, दर रविवारी टीव्हीवर उपदेश करायचा, आणि त्याच काळात त्याच्या लष्कराने डोंगरातल्या माया लोकांची गावंच्या गावं जाळली. अमेरिकेतल्या काही मोठ्या प्रचारकांनी त्याला उघड पाठिंबा दिला होता. २०१३ मध्ये तिथल्या कोर्टाने त्याला वंशसंहारासाठी दोषी ठरवलं, मग वरच्या कोर्टाने ते दहा दिवसांत रद्द केलं. हे सगळं ज्या यादवीत घडलं ती १९९६ ला संपली. म्हणजे ज्या बाईच्या स्वयंपाकघरात तुमची लेक चूल बांधणार तिने हे सगळं डोळ्याने बघितलेलं असू शकतं. हे माहीत नसताना जाऊन गिटार वाजवणं मला तरी बरं वाटत नाही.

निळी_छत्री

हे मला काहीच माहीत नव्हतं. ओरिएंटेशनच्या फाइलमध्ये पाणी उकळून प्या आणि टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकू नका एवढंच आहे.

प्रशासक

धर्मांतरावरच्या चर्चेसाठी तीन धागे चालू आहेत, तिकडे जा. इथले चार प्रतिसाद उडवले आहेत.

ह्यूस्टनची_काकू

उशिरा बघितला धागा. मी जाऊन आलेय, ग्वाटेमालालाच, आमच्या चर्चच्या ग्रुपबरोबर स्वयंपाकाला आणि पोरींवर लक्ष ठेवायला, आणि एकदा नाही. त्यामुळे डोळ्यांनी बघितलेलं सांगते.

चुलीचं काम चांगलं आहे, त्याबद्दल शंका नको. तिथे बायका तीन दगडांच्या चुलीवर, बंद खोलीत, पत्र्याखाली स्वयंपाक करतात, भिंती काळ्याकुट्ट, लहान पोरं पाठीला बांधलेली, सगळ्यांचे डोळे लाल. नवी चूल म्हणजे सिमेंटचे ब्लॉक, आत विटा, वर जाड लोखंडी पत्रा ज्याला ते प्लांचा म्हणतात, आणि मागून धुराडं पत्रा फोडून वर काढायचं. सामानाला दीडदोनशे डॉलर लागतात. एका घरात सकाळी सुरू केली की दुपारपर्यंत होते, म्हणजे पाच पोरं, एक गवंडी आणि भरपूर फोटो धरून. गवंडी एकटा पुतण्याला घेऊन करतो तेव्हा त्याहून लवकर होते, हे त्यानेच हसत हसत सांगितलं. पण त्याचं म्हणणं असं की ग्रुप येतात त्या आठवड्यांत सामानाचे पैसे येतात आणि त्याला मजुरीही मिळते, ग्रुप नाही तर चूलही नाही. पैसे नुसते पाठवा म्हटलं तर आमच्या चर्चमध्ये कोण पाठवतं? मी ट्रेझररला विचारलं होतं, ज्या वर्षी ट्रिप रद्द झाली त्या वर्षी चुलींसाठी आलेली रक्कम सांगायला लाज वाटावी इतकी होती. @खडकीकरांचा हिशोब बरोबर आहे, फक्त तो ३० हजार वाचले तर ते होंडुरासलाच गेले असते असं धरून चालतो. ते गेले नसते, डिस्नीला गेले असते.

आता दुसरी बाजू. एका घरात आम्ही चूल बांधली, पुढच्या वर्षी त्याच आळीत गेलो तर बघितलं, बाई चुलीवर टॉर्टिया भाजत होती, छान धूर वर जात होता, आणि बाहेर अंगणात तीन दगड तसेच, त्यावर मका शिजवायचं भलंमोठं पातेलं. चुन्याच्या पाण्यात मका शिजवतात रोज, ते पातेलं प्लांचावर ठेवलं तर तापायला अर्धा दिवस जातो. आपल्याकडे घरात गॅस येतो तरी अंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं, तसंच ते. आमच्या लीडरचा चेहरा पडला, त्याला वाटलं चूल फुकट गेली. फुकट नव्हती गेली, पण पातेलं केवढं आहे हे आदल्या वर्षी कुणी विचारलंच नव्हतं, कारण ती बाई काक्चिकेल ही माया भाषा बोलते, तिचं स्पॅनिश यथातथाच, आमचा दुभाषी स्पॅनिशचा.

आणि जेवण! दुपारी त्या घरची माणसं जेवल्याशिवाय सोडत नाहीत. कोंबडीचा रस्सा, टॉर्टिया, खुर्च्या चार घरांतून मागून आणलेल्या. आमच्यातल्या एका पोरीने पोट बिघडेल म्हणून हात लावला नाही आणि पिशवीतून ग्रॅनोला बार काढून खाल्ला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती कोंबडी त्या घराला किती महाग पडली हे मी तिथल्या पास्टरच्या बायकोला विचारलं, तिने उत्तर द्यायचं टाळलं. पुढच्या खेपेपासून आम्ही कोंबड्यांचे आणि मक्याचे पैसे आधीच तिथल्या चर्चकडे देतो आणि ते गुपचूप त्या घरी पोचवतात.

तर माझं मत विचारशील तर ट्रिप चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. तिथे बोलावलं कुणी आणि बाकीच्या एक्कावन्न आठवड्यांत ते काम कोण बघतं, एवढं विचार. आमच्या ट्रिपमध्ये कुठल्या घरात चूल हे तिथलं चर्च ठरवतं, आम्ही नाही, आणि घराला थोडे पैसे भरावे लागतात, म्हणून चुली टिकतात. जिथे सगळं टेक्सासमधून ठरून येतं तिथे भिंतीला दरवर्षी नवा रंग लागतो, तोच वर्ग, तीच भिंत.

मनीमाऊ

काकू _/\_ . ग्रॅनोला बार वाचून मलाच घाम फुटला.

ढाण्या

सॉरी, थोडं विषय सोडून. माझा मुलगा पण अशाच ग्रुपबरोबर जायचं म्हणतोय (आम्ही ख्रिस्ती नाही, मित्र जातायत म्हणून). आमचं एच-४ (नोकरीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे, आय-७९७ म्हणजे मंजुरीचा कागद नवीन आहे पण पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प एक्स्पायर झालाय. मागच्या वर्षी कॅनडाला असंच जाऊन आलो, काही अडचण आली नाही. ग्वाटेमालाला चालेल ना?

खडकीकर

@ढाण्या, नाही नाही नाही! कॅनडा-मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन आलात तर ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन लागू होतं, वैध आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) असेल तर जुन्या स्टॅम्पवर परत घेतात. ते फक्त त्या दोन देशांना. एच-४ ला ग्वाटेमालासाठी ती सोय नाही, परतीच्या विमानात चढूच देणार नाहीत. पोरगं तिकडे अडकेल आणि ग्रुप परत येईल. स्टॅम्पिंग झाल्याशिवाय पाठवू नका, आणि ग्रुप लीडरला हे माहीत असेल असं अजिबात धरू नका, त्यांच्याकडे सगळे अमेरिकन पासपोर्टवाले असतात, त्यांना स्टॅम्प हा प्रकारच ठाऊक नसतो.

ढाण्या

बापरे. डिपॉझिट भरून बसलोय. थँक यू सर.

डॉक_मिरजेचा

चुली ठीक आहेत. मी दोन मेडिकल कॅम्पना गेलो होतो अशाच, मध्य अमेरिकेत, त्यावरून सांगतो. दिवसाला दीडशे पेशंट, बीपी तपासलं, जास्त निघालं, तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या. एकतिसाव्या दिवशी काय? गावातल्या सरकारी दवाखान्यातली नर्स कोपऱ्यात उभी राहून बघत होती, तिला कुणी विचारलं नाही की तुझ्याकडे कुठली गोळी नेहमी मिळते. आम्ही भारी गोळी दिली जी तिथे मिळतच नाही. आणि एक नर्सिंगची विद्यार्थिनी टाके घालायला पुढे सरसावली, ज्या गोष्टीला अमेरिकेत तिला हात लावू देणार नाहीत. मी नको म्हटलं तर 'इथे चालतं' हे उत्तर.

मी मिरजेत शिकलो. मिशनरी डॉक्टर वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं केलं, इथल्याच लोकांना ट्रेनिंग दिलं, आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी परत गेले. सगळ्यांनी चाळीस वर्षं जावं असं नाही म्हणत, पण आठ दिवसांसाठी जाणाऱ्याने जे चाळीस वर्षं आहेत त्यांना तरी विचारावं. छत्री, तुमच्या ग्रुपमध्ये कुणी 'मेडिकल डे' घुसडला असेल तर चौकशी करा. बाकी हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडची लस घ्या, लवकर.

सुगरण_पक्षी

मी पुण्यात बालगृहांबरोबर काम केलंय बरीच वर्षं. तू ते 'एक दुपार अनाथाश्रम' असं एका ओळीत लिहून पुढे गेलीस, पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते तेच, म्हणून फक्त त्यावर लिहिते.

आमच्याकडेही ग्रुप यायचे. परदेशीच असं नाही, कंपन्यांचे, कॉलेजचे, वाढदिवस साजरा करायला येणारे. पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी अभ्यासाचा तास रद्द, नवे कपडे, स्वागतगीत. चार वर्षांची पोरगी येणाऱ्या प्रत्येक ताईच्या कडेवर चढायची, लोकांना वाटायचं किती प्रेमळ. मूल अनोळखी माणसाला असं बिलगतं तेव्हा ते प्रेमळ असतं म्हणून नाही, माणसं येतात आणि जातात हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं म्हणून. तीन तासांनी ताया बसमध्ये बसून रडत जायच्या, आणि रात्री पोरांना झोपवायला आमच्या मावशीला दोन तास लागायचे.

आणि 'अनाथ' म्हणून जी दाखवतात त्यातल्या बऱ्याच मुलांना आई किंवा बाप असतो. भारतात, कंबोडियात, नेपाळमध्ये, केनियात, सगळीकडे. गरिबीमुळे ठेवलेली असतात, आणि जिथे भेटी देणाऱ्यांकडून पैसा येतो तिथे मुलं गोळा करायला दलाल उभे राहतात. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या कायद्याच्या वेळी याला गुलामगिरीचा एक प्रकार मानलं. हैतीत जानेवारी २०१० चा भूकंप झाला तेव्हा अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट चर्चचे दहा जण ३३ मुलांना बसमध्ये घालून सीमेपलीकडे नेत होते, पकडले गेले. नंतर कळलं की मुलांचे आईबाप होते, चांगल्या शाळेत घालू सांगून आणली होती. हेतू चांगलाच असेल हो. ग्वाटेमालाचं तर विचारूच नका, तिथून अमेरिकेत इतकी मुलं दत्तक जायची, त्यात पळवलेली, खोट्या कागदांची प्रकरणं निघाली, शेवटी २००७ संपताना त्यांना परदेशी दत्तक बंद करावं लागलं. त्या देशात परदेशी गोऱ्या लोकांनी मुलं कडेवर घेऊन फोटो काढणं याचा अर्थ तिथल्या आईला वेगळा लागतो.

ती दुपार रद्द करायला लाव. बाकी ट्रिपचं तुझं तू ठरव.

वसईवाला

+१००

तिरकस

हे मात्र पटलं. आमच्या ऑफिसचा सीएसआर पण असाच असतो, केक घेऊन जातात. जरा लाज वाटली वाचून.

मनीमाऊ

सेफ्टीचं कुणी बोललं नाही. हैतीत मिशनऱ्यांना किडनॅप केलं होतं ना?

खडकीकर

हो, ऑक्टोबर २०२१, १७ जण, त्यात लहान मुलंही, अनाथाश्रमाला भेट देऊनच परतत होते. डिसेंबरपर्यंत सगळे सुटले. त्याआधी २००७ मध्ये दक्षिण कोरियातल्या चर्चचा २३ जणांचा ग्रुप अफगाणिस्तानात तालिबानच्या हाती लागला, दोघांना मारलं, त्यानंतर कोरियात या ट्रिप्सवर केवढा गदारोळ झाला. पण अँटिग्वा म्हणजे हैती नव्हे, पर्यटकांनी भरलेलं गाव आहे. स्टेट डिपार्टमेंटची (अमेरिकन परराष्ट्र खात्याची) प्रवासाची ॲडव्हायजरी भागागणिक वाचा, रात्रीचा प्रवास नको, आणि ग्रुप रंगीबेरंगी चिकन बसने जाणार नाही ना एवढं विचारा. (त्या बस म्हणजे आपल्याच पोरांच्या शाळेच्या जुन्या पिवळ्या बस, तिकडे नेऊन रंगवलेल्या. दिसायला झकास.)

निळी_छत्री

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून पॅरेंट्स मीटिंगला नेलं, नावं झाकून.

तर अपडेट. बोलावलं कुणी, याचं उत्तर चांगलं मिळालं. तिथल्या एका चर्चबरोबर यांचा बऱ्याच वर्षांचा संबंध आहे, घरं तेच निवडतात, गवंड्याला मजुरी मिळते. कोंबडीच्या पैशांचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं, आता ते बजेटमध्ये घातलं. पातेल्याचं विचारल्यावर यूथ पास्टर माझ्याकडे बघतच राहिला, पण त्याने तिकडे व्हॉट्सॲप केलं आणि उत्तर आलं की हो, मोठ्या भांड्यासाठी बाजूला खाली एक उघडं तोंड ठेवायची पद्धत तिथले गवंडी वापरतात, तुमच्या ड्रॉइंगमध्ये ते नव्हतं म्हणून आम्ही बोललो नाही!!

अनाथाश्रमावरून वाजलं. एक आई म्हणाली की माझ्या मुलीला तिथेच देवाची खरी हाक ऐकू आली होती, तुम्ही तो अनुभव बाकीच्यांचा का हिरावता. मी म्हटलं तिथल्या मुलांच्या अनुभवाचं काय. वातावरण गरम झालं, मग पास्टरने ती दुपार काढून टाकली, त्या बाई आता माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील.

रिओस माँटचं वाचून लेक दोन दिवस गप्प होती. मग तिने सपोर्ट लेटर पुन्हा लिहिलं. आधी होतं 'मी ग्वाटेमालाच्या लोकांची सेवा करायला जाते आहे', आता लिहिलंय की मी शिकायला जाते आहे, माझं तिकीट मी उन्हाळ्यात लाइफगार्डचं काम करून भरेन, तुम्हाला द्यायचं असेल तर चुलींच्या सामानासाठी द्या, ते सरळ तिकडच्या चर्चला जाईल. पैसे पहिल्यापेक्षा कमी जमलेत, तेही सांगून टाकते.

जातेय ती. @काकू, बॅगेत काय भरू तेवढं सांगा.

ह्यूस्टनची_काकू

जाड हातमोजे, सिमेंटने पोरांचे हात सोलवटतात. पूर्ण पँट, गुडघ्याखालचा स्कर्ट चर्चसाठी. रात्री थंडी असते, जूनमध्ये पाऊस रोज दुपारी. शेवटच्या दिवशी पकाया ज्वालामुखीवर नेतात, तिथे गरम दगडांवर मार्शमेलो भाजतात, बूट चांगले दे. पोट बिघडलं तर ओआरएस. वाटायला चॉकलेटं, खेळणी अजिबात नको, पोरं गाडीमागे धावायला लागतात आणि तिथल्या आयांना ते आवडत नाही. आणि काक्चिकेलमध्ये 'मात्योष' म्हणजे थँक यू, तेवढं पाठ करून जाऊ दे, म्हाताऱ्या बायका खूश होतात.

ढाण्या

आमचं रद्द झालं. डिपॉझिट अर्धंच परत देतायत. मुलगा भडकलाय. त्याला म्हटलं त्या अर्ध्याचं चुलीचं सामान पाठवू, @निळी_छत्री ताई तिकडे सरळ पैसे कसे पाठवायचे ते मला मेसेज करा ना.

निळी_छत्री

केला, इनबॉक्स बघा.